वाजवल्यानंतरचं वजन

सुवर्णाने सासऱ्यांच्या गाण्याची फाईल माउसने धरली, ओढत नेली आणि आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये, पार आतल्या कप्प्यात सोडली. मग मागे वळून पाहिलं. मामाजी ओसरीवर पाठमोरे बसले होते. नजरेआड झालं म्हणजे निदान जिवाला लागणार तरी नाही, असं ती मनाशी म्हणाली.

मामाजींचा, म्हणजे तिचे सासरे दयारामबाबा यांचा, आवाज गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. त्याआधी मोताळ्याच्या त्यांच्या वस्तीत त्यांच्या गाण्याशिवाय एकही लग्न लागलं नव्हतं. त्यांची एक कॅसेटही निघाली होती, पण ती कधीच बाद झाली. गेल्या महिन्यात संग्रामपूरच्या कोणा शौकिनाने जुनी प्रत शोधून इंटरनेटवर टाकली आणि सुवर्णाच्या नवऱ्याने, रवीने, ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. सगळे हौसेने गोळा झाले. दुसऱ्या कडव्यालाच मामाजींनी उठून स्पीकरची वायर ओढली. त्यानंतर कोणी गाणं लावायला गेलं की ते येऊन माउसवर हात ठेवायचे.

"सोसत नाही त्याईले," सासूबाई, बेबीताई, म्हणाल्या होत्या. "आपला गेलेला आवाज कोनाले ऐकू वाटीन?"

सुवर्णाला ते पटलं होतं, म्हणून तर तिने फाईल हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती तेव्हा आतून खडखड ऐकू आली. पिठाच्या हातानेच ती गेली. रोज संध्याकाळी कापड घालणं सोडलं तर कॉम्प्युटर स्वतः कधी न चालवणारे मामाजी खुर्चीत बसून माउस इकडून तिकडे लोटत पडद्यावर गाणं शोधत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. तिला पाहताच त्यांनी पाटी ओढली आणि पेन्सिल दाबून लिहिलं, 'कोणी वाजवली?'

"कोनीच नाही, मामाजी. मीच उचलून ठेवली. तुमाले तरास होते म्हणून."

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पाटी पुसून लिहिलं, 'म्हणजे संपली नाही?'

सुवर्णाला काही उमगेना. दारात आलेल्या बेबीताईंनी मात्र पाटी वाचली आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"अवं, कॅसेट अशीच गेली होती आमची," त्या म्हणाल्या. "पोट्ट्याईनं वाजवू वाजवू पट्टी घासून टाकली. शेवटी नुसती खरखर राह्यली होती."

मामाजी लिहीत होते. अक्षरं वेडीवाकडी येत होती. 'संघर्षच्या लग्नापर्यंत पुरली पाहिजे. एकदा गेला आवाज. परत नको जायला.'

संघर्ष त्यांचा धाकटा. त्याचं लग्न आता वैशाखात होतं. सगळ्या वस्तीची लग्नं गाऊन झाली होती, घरचं हे शेवटचं तेवढं उरलं होतं. महिनाभर सगळं घर त्यांची कीव करत होतं आणि ते बिचारे ठेव्यावर पहारा देत होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"हे झिजत नाही, मामाजी."

त्यांनी मान हलवली. शब्दावर विश्वास ठेवणारा माणूसच नव्हता तो. मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर त्यांचा जन्म गेलेला. कापूस नुसता एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकला तरी उडतो, सांडतो, घटतो. काटा दाखवेल तेच खरं.

सुवर्णाने हात पदराला पुसले आणि फाईल शोधून काढली. माउसचं बटण दाबून तिने फाईल केवढी आहे तो आकडा दाखवला.

"हे याचं वजन. पाहून ठेवा."

मामाजींनी तो पाटीवर मांडला. मग तिने गाणं लावलं, अगदी शेवटपर्यंत. त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, पण डोळे त्या आकड्यावर होते. गाणं संपलं. तिने पुन्हा वजन काढलं. त्यांनी पाटी पडद्याला लावून एकेक अंक ताडून पाहिला. रत्तीभर फरक नव्हता.

तरीही तिने एक प्रत आपल्या मोबाइलमध्ये टाकली आणि एक पेन ड्राइव्हमध्ये भरून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली. मग दुसऱ्या हाताने माउस स्वतःकडे ओढला आणि गाणं पुन्हा लावलं.

खिडकी उघडीच होती. रस्त्याने भाजीची टोपली घेऊन चाललेल्या वस्तीतल्या सिंधूताई थबकल्या.

"दयारामभाऊ," त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "गळा मोकळा झाला का?"

बेबीताई खरं काय ते सांगायला उठल्या. मामाजींनी हाताने त्यांना अडवलं, आणि स्पीकरचं बटण फिरवून आवाज आणखी मोठा केला.