अकरा सऱ्या

संगिताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. औंढ्याच्या अलीकडच्या तांड्यावर तिचं अर्धा एकर टमाट्याचं वावर, आणि बांधावर सकाळीच भाड्यानं नांगरणाऱ्या हरीशचा ट्रॅक्टर घरघरत उभा. बोलावला कुणी? तिच्या नवऱ्यानं, देविदासनं. सगळी टमाटी मोडून हरभरा पेरायचा म्हणे. बायकोला विचारायचं काय कारण!

पंधरा सऱ्यांपैकी अकरा माना टाकून बसल्या होत्या. मर रोगच तो; खोड चिरलं की आत तपकिरी. ही बुरशी मातीतून मुळांत शिरते, म्हणून संगितानं शेतीशाळेतून जिवाणूंचं औषध आणलं होतं. हे मातीतलेच जिवाणू, मुळांना धरून राहतात आणि बुरशीला आत शिरू देत नाहीत. चार सऱ्यांना तिनं स्वतःच्या हातानं औषध पाजलं, तेवढ्यात साखऱ्याला तिची आई आजारी पडली. उरलेल्या अकरा देविदासवर सोपवून ती माहेरी गेली.

चार दिवसांनी ती परतली, तेव्हापासून हा माणूस सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर बसून सांगत होता, "जंतू पाजून कुठं झाडं जगत्यात का? आमची बायको शास्त्रज्ञ झाली!" आणि सगळा तांडा खदाखदा हसत होता. संगितानं ते हसणं महिनाभर गिळलं होतं.

"मंग ह्या चार काहून जगल्या?" तिनं विचारलं.

"तुझं नशीब."

"नशीब घाला चुलीत. औषध कोणत्या पाण्यात कालवलं?"

देविदासनं छाती फुगवली. "नळाच्या. विहिरीत शेवाळ, घाण. म्या पावडर टाकलेलं शुद्ध पाणी भरलं, ड्रमच्या ड्रम."

नळाच्या पाण्यात ती पावडर टाकतात जंतू मारायला. ज्यांना जगवायचं त्यांनाच या शहाण्यानं ड्रमात मारलं होतं, आणि वर गावभर त्यांचीच टिंगल केली होती.

"जाताना तीनदा सांगितलं, विहिरीचंच पाणी घ्या."

"मला वाटलं, शुद्ध पाणी..."

"तुमाला वाटलं! जंतू मारायचं पाणी ते. माझे जिवाणू काय तुमचं तोंड बघून जगनार होते?"

हरीश फिसकन हसला. संगिता ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"हरीशभाऊ, माघारी न्या. ह्या चार सऱ्यांना चाक लागलं तर मी आडवी पडते."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी, त्या अकरा सऱ्यांतलं एकेक झाड हातानं उपटा. दर झाडाला म्हना, मला सांगितलं होतं."

हरीशनं निघायच्या ऐवजी इंजिन बंद केलं. वावरात एकदम शांत झालं. देविदास वाकला, पहिलं झाड उपटलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं," संगिता म्हणाली.