नंबर झाकलेल्या वीस काचा

संहितानं दोन वर्षांच्या रिपोर्टांचा तक्ता लॅबच्या भिंतीवर लावला आणि श्रीपादरावांना अन्न गोड लागेनासं झालं. स्नेहलतागंजातल्या त्या लॅबमध्ये ते सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. दोन वर्षांपूर्वी आलेली ही डॉक्टर पोरगी आता म्हणे मोजणार, गाठीच्या तपासणीत कोण किती वेळा ‘संशयास्पद’ लिहितं.

तक्त्यावर नावं नव्हती, फक्त क, ख, ग. सही करणारे तिघंच, ते स्वतः, संहिता आणि मानस, त्यात झाकायचं काय? ग इतरांच्या निम्म्यानंही ‘संशयास्पद’ लिहीत नव्हता. ग म्हणजे तो घाईवाला मानस, हे श्रीपादरावांना स्वच्छ दिसत होतं. पण चहाला ती दोघं कुजबुजत आणि हे आले की गप्प होत. कुठंतरी पाणी मुरत होतं. मानसच्या चुकांचं खापर त्यांच्या माथी फोडून त्यांची सही बंद करायचा बेत असणार.

“सरजी, शक असेल तर खुद चेक करा ना,” संहिता म्हणाली. “ग नं ‘ठीक’ म्हणून सोडलेल्या नमुन्यांच्या वीस काचा देते, नंबर झाकून.”

नंबरांवर चिकटवलेले कागद श्रीपादरावांनी उजेडात धरून पाहिले, खोलीला आतून कडी घातली आणि बसले. चौदा काचा ठीक होत्या. सहांवर त्यांनी ‘संशयास्पद’ लिहिलं. एका स्तनाच्या गाठीत तर पेशींचा बिघाड धडधडीत दिसत होता. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला.

बाहेर येऊन ते सगळ्यांदेखत म्हणाले, “ज्यानं हे सोडलं, त्याला उद्यापासून सही करू देऊ नका.”

“सरजी, आपण केबिनमध्ये बोलू या.”

“इथंच. सबके सामने.”

संहितानं स्तनाच्या गाठीच्या काचेवरचा कागद सोलला. नंबर संगणकावर घातला तशी पडद्यावर रिपोर्टाखाली श्रीपादरावांचीच सही उमटली.

“काच बदललीस तू,” ते म्हणाले आणि स्वतः रजिस्टर काढलं. तोच नंबर, तीच तारीख, पुढं त्यांच्याच अक्षरात ‘ठीक’. उरलेल्या पाचांचंही तेच. मानस दारात उभा होता, पण हसला नाही. त्याचं न हसणं त्यांना फार लागलं.

गाठवाली बाई जवळच्या राऊ गावची होती, सरला नावाची. रिपोर्टाला पाच महिने झाले होते. संहिता फोन उचलायला गेली, तर त्यांनी तो तिच्या हातून घेतला.

“डॉक्टरसाहेब, आपण स्वतः?” पलीकडून आवाज आला. “तुमचा रिपोर्ट बघून आम्ही लड्डू वाटले हो. पण गाठ थोडी बडी झालीय. मी म्हटलं, साहेबांनी लिहिलंय ना, मग कशाला घाबरायचं.”

श्रीपादरावांनी सांगितलं, आपल्याकडून चूक झाली, पुन्हा तपासावं लागेल.

मग तिनं विचारलं, “सोमवारी आले तर चालेल?”

“आजच या,” श्रीपादराव म्हणाले.