पाल्याच्या खोलीतला स्वेटर

माझी बायको नीला मार्चमध्ये वारली. त्या वर्षी थंडी नोव्हेंबरच्या मध्यातच सुरू झाली. मी दिवाणाखालची ट्रंक ओढली आणि तिने विणलेला राखी स्वेटर काढून अंगात घातला. ट्रंक उघडल्यावर जो वास आला तो ओळखीचा होता. दर हिवाळ्याच्या तोंडावर घरात तोच वास असायचा. मी कॉलर नाकाशी धरून थोडा वेळ बसलो, मग बस चुकेल म्हणून निघालो.

मी गाझियाबादला, इंदिरापुरममध्ये राहतो. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा बाल्कनीतून शेतं दिसायची. आता समोरच्या टॉवरमधले टीव्ही दिसतात. सरकारी नोकरीत मी किड्यांच्या विभागात होतो. निवृत्तीनंतर नोएडातल्या एका नव्या कंपनीने बोलावलं. ही कंपनी रेशीमकिडे पाळते, पण कापडासाठी नाही. या किड्यांच्या अंड्यात बाहेरचं एक जनुक घातलेलं आहे. त्यामुळे अळी रेशमाबरोबर एक एन्झाइमही तयार करते. कोषातून ते वेगळं काढतात आणि रक्ततपासणीच्या किटमध्ये वापरतात. कुठल्या अळीत जनुक उतरलं हे कळावं म्हणून खूणही ठेवली आहे. खास दिव्याखाली अशा अळीचे डोळे हिरवे चमकतात.

लोक विचारतात, वहिनींच्या आजारावर यातून काही निघालं असतं का? नाही. नीलाला हृदयाचा त्रास होता. त्याचा याच्याशी संबंध नाही.

मला तिथलं सगळ्यात काय आवडतं ते सांगतो. शेवटची कात टाकल्यावर अळ्या आठवडाभर नुसत्या खात असतात. हजारो अळ्या एकदम तुतीचा पाला खाताना खोलीत आवाज होतो, शेजारच्या घरात कुणी सुपात तांदूळ पाखडत असल्यासारखा. मी जेवणाचा डबा दाराबाहेर त्या आवाजापाशी बसून खायचो. घरी असा आवाज नव्हता.

स्वेटर घातला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सकाळी अळ्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि आवाज नव्हता. अळ्या ताटांच्या कडेला गोळा झाल्या होत्या. ताजा पाला तसाच पडला होता. काहींनी डोकी वर करून हवेत धरली होती.

निधीला फोन केला. ती इथली मुख्य शास्त्रज्ञ, माझ्यापेक्षा खूप लहान. दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी, मला काका म्हणते. हैदराबादच्या मीटिंगहून ती रात्रीच परतली होती. आली आणि आधी थर्मामीटर बघितला, मग अळ्या उचलून बघितल्या.

"रोग नाही वाटत," ती म्हणाली. "पण काका, रूल माहितीये ना? संशय आला तर पूरी बॅच फ्रीजरमध्ये, मग भट्टीत. संध्याकाळपर्यंत मला वर कळवावंच लागेल."

"दुसरी अंडी?"

"नाहीयेत. ह्या लाइनची हीच शेवटची. बाकीच्यांत एन्झाइम इतकं उतरतच नाही." ती तिथेच स्टुलावर बसली. "हे गेले तर बिल्कुल पहिल्यापासून सुरू करायचं. आणि तेवढा वेळ मालक देतील असं मला वाटत नाही."

आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. पाणी, हवा, ताटं. शेवटी पाल्याची खोली. पाला कोमेजू नये म्हणून ती थंड आणि ओलसर ठेवतात. पाला मीच तिथे चिरतो, रोज सकाळी, एकटा. थंडी लागते म्हणून एप्रनच्या आत स्वेटर.

निधी दारातच थांबली. "काका, इथे आमच्या आजीच्या कपाटासारखा वास का येतोय?"

"मला तर काही येत नाही."

तिने पाल्याची एक मूठ उचलून नाकाशी धरली. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या बाहीशी नाक नेलं. "काका, ह्यात काय ठेवलं होतं? ते पांढरं... फिनाइलची गोली?"

"डांबरगोळ्या," मी म्हणालो.

"तेच. आणि तुम्ही डायरेक्ट घालून आलात? उन्हात नाही टाकला?"

उन्हात टाकायचं काम नीलाचं होतं. दिवाळीनंतर गच्चीवर दोरीभर लोकर पसरलेली असायची, मी ऑफिसातून यायच्या आत ती घड्या करून ठेवायची. मला स्वेटर मिळायचा तो घालण्याजोगा. मधलं काही मी कधी विचारलं नव्हतं. अळ्यांना उदबत्तीचा धूरसुद्धा चालत नाही, हे मी नव्या लोकांना शिकवतो. पण या वासाला मी त्या यादीत कधी धरलंच नव्हतं.

मी स्वेटर काढून पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

पाला सगळा फेकावा लागला. नव्या पाल्याची गाडी पानिपतच्या पलीकडून येते, ती दुसऱ्या दिवशी येणार होती. तोवर अळ्या उपाशी राहिल्या असत्या. "शहतूतचं झाड कुठेय का जवळ?" निधी म्हणाली. "ज्यावर फवारणी नसेल असं."

मला तुतीचं एकच झाड खात्रीने माहीत होतं. दिल्लीत, मुनिरकाच्या समोर, आमच्या जुन्या क्वार्टरमागे.

कंपनीच्या गाडीने गेलो. क्वार्टरला नवा रंग होता. एक बाई मागे कपडे वाळत घालत होती. मी परवानगी मागितली.

"ले लो अंकल. बकरी पाली है क्या?"

"कीड़े पाले हैं."

"हाय राम. शौक है या डॉक्टर ने बताया है?" ती हसली. "पूरा पेड़ ले जाओ. गर्मी में इसके फल गिरते हैं, मेरी सारी चादरें काली कर देता है."

नीलाचीही हीच तक्रार होती. हे तिला घरी गेल्यावर सांगू, असं मनात आलं. मग आठवलं. मी शिडीवर चढून शेंड्याची कोवळी पानं तोडली. अंगात नुसता शर्ट होता.

परत येऊन पाला धुतला, पुसला, ताटांवर पसरला. आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. निधीच्या हातात फोन तयार होता. मग एका कोपऱ्यात बारीक आवाज सुरू झाला, मग दुसऱ्या ताटात.

तिने फोन खिशात ठेवला. "चलो, आता चहा प्या. थंडीने कापताय तुम्ही."

बऱ्याच अळ्या मेल्या, पण लाइन वाचली. उरलेल्यांनी कोष केले. निधीने मला कंपनीचं निळं जॅकेट दिलं. "स्वेटर घरीच ठेवा ना काका, ट्रंकमध्ये. जसा आहे तसा."

तसं करता आलं असतं. घरी पिशवी सोडली तेव्हा तो वास अजून होता. पण नीलाने तो मला पाल्याच्या खोलीसाठीच विणला होता, बाह्या जरा आखूड, सुरीला अडकू नयेत म्हणून. रविवारी मी गच्चीवर दोरी बांधली आणि तो उलटा करून उन्हात टाकला. ऊन सरकलं की मीही तो सरकवायचो. आठवडाभर रोज सकाळी टाकून जायचो.

पुढच्या सोमवारी घालून गेलो. पाल्याच्या खोलीच्या दारात निधीने बाही धरून वास घेतला.

"जा," ती म्हणाली. "काही नाही येत."

मी आत जाऊन दार लावलं आणि कॉलर नाकाशी धरली. मलाही आला नाही. मग पाला चिरायला घेतला.