बिनआवाजी रियाझ

फुंकून वाजवायच्या वाद्यात वादकाचा प्राण उतरतो, म्हणून अशा वादकाने आपली छाती काचेच्या भांड्यासारखी जपली पाहिजे, असं आमच्या भावोजींचं ठाम मत होतं. हे मत ते रोज संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून, गांजाचा दुसरा झुरका घेता घेता पक्कं करत असत.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात. ट्रॉम्बोन म्हणजे ती लांबलचक पितळी नळी, जी वादकाला पुढेमागे सरकवावी लागते आणि समोर बसलेल्याला चुकवावी लागते. बँड बारा जणांचा, ट्रॉम्बोन दोन, नोकरी पक्की. रविवारी बागेत दोन तास, आणि नगराध्यक्षांनी कुठे फीत कापली की तिथे पाच मिनिटं. तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेने ट्रॉम्बोन दुरुस्त करून दिला, तेव्हापासून भावोजी त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

संध्याकाळी सहाला ते पेटी उचलून गच्चीवर जायचे आणि सातला खाली यायचे. येताना डोळे लाल, चेहरा प्रसन्न, भूक दुप्पट. त्या तासाभरात वरून एकही सूर ऐकू येत नसे. ताईने सुरुवातीलाच एकदा विचारलं होतं.

"हा बिनआवाजी रियाझ आहे," भावोजी म्हणाले. "आधी श्वास, मग सूर. सूर काय, कुणीही काढतो."

शेजाऱ्यांचं तर भावोजींबद्दल फारच चांगलं मत होतं. असा वादक शेजारी मिळायला नशीब लागतं, असं म्हणायचे.

तर या छातीत एके दिवशी न्यूमोनिया झाला. आधी काही महिने खोकला होताच, मग ताप, मग उजव्या बरगडीत कळ. आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचरवरही त्यांनी ट्रॉम्बोनची पेटी पोटाशी धरली होती. ती कॉटखाली ठेवली, आणि त्या वॉर्डातली प्रत्येक नर्स तिला किमान एकदा अडखळली. "कलावंत माणूस," ताई सगळ्यांना सांगत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी फॉर्म काढला.

"बिडी, सिगारेट?"

"आयुष्यात नाही."

"तंबाखू?"

"अहो, मी वादक आहे."

"दारू?"

"वाससुद्धा सहन होत नाही."

फॉर्ममध्ये पुढे काही विचारलेलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची सवय नगरपालिकेच्या नोकरीत कुणालाच लागत नाही. शिवाय ताई स्टुलावर बसून प्रत्येक उत्तराला मान डोलवत होती.

पाच दिवस अँटिबायोटिक झाली. ताप जागचा हलला नाही. एक्स-रेत आधी एक पांढरा डाग होता, त्याला आता सोबत मिळाली होती.

"घरात पक्षी आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "काही वेळा पक्ष्यांपासूनही होतो."

घरात नव्हता, पण शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे पोपट होता. त्याच संध्याकाळी ताई त्यांच्या दारात.

"काका, तुमचा पोपट थोडे दिवस तुमच्या बहिणीकडे ठेवा."

"का? काय केलं त्याने?"

"न्यूमोनिया."

"अगं, त्याला अजून स्वतःचं नाव येत नाही."

पोपट गेला. भावोजींना सांगितलं तर ते ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाले, "मला पहिल्यापासून त्याची नजर आवडली नव्हती."

ताप होता तिथेच. मग डॉक्टरीणबाईंनी ओलीबद्दल विचारलं. बेडरूमच्या भिंतीला ओल होती. आदल्या वर्षी भावोजींनी तिच्यापुढे कपाट सरकवून तो प्रश्न निकालात काढला होता. गवंडी आला, गिलावा फोडून गेला, आणि परवा येतो म्हणाला. मी दोन दिवस कपाट, धूळ आणि गवंड्याचा फोन यांच्यात अडकून होतो.

"भिंतच असणार," भावोजी म्हणाले. त्यानंतर उशी बदलली. तेव्हा ते म्हणाले, "उशीच असणार." असा सहकार्य करणारा पेशंट त्या वॉर्डाने पाहिला नव्हता. मात्र दर उत्तरागणिक त्यांना दम जास्त लागत होता, आणि नवव्या दिवशी दोन शब्दांच्या मध्ये ऑक्सिजनसाठी थांबावं लागू लागलं.

त्या दिवशी बँडमास्तर भेटायला आले होते. जाडजूड, घाम पुसणारे, सद्गृहस्थ.

"काळजी करू नका," ते भावोजींना म्हणाले. "गेल्या रविवारी तुमच्याशिवाय कार्यक्रम केला. कुणाला काडीचा फरक जाणवला नाही, इतका बाकीच्यांनी सांभाळून घेतला."

भावोजींनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, भरून आलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई नवा एक्स-रे घेऊन आल्या आणि ताईला म्हणाल्या, "स्पष्ट सांगते. औषध लागू पडत नाही, म्हणजे जंतू वेगळा आहे. तो कुठून आला ते कळलं तर औषध बदलता येईल. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर यांना यंत्रावर ठेवावं लागेल." मग त्यांची नजर कॉटखाली गेली. "हे काय वाजवतात?"

"ट्रॉम्बोन."

"फुंकायचं ना? शेवटचा आतून कधी धुतला होता? श्वासाची वाफ आत साठते, बुरशी धरते, आणि तीच परत छातीत जाते. द्या मला. आतून पुसून नमुना तपासायला पाठवते."

ताई वाकली. पेटी अर्धी बाहेर आली. आणि चार दिवस पोपटाला, भिंतीला आणि उशीला आनंदाने दोषी ठरवणाऱ्या माणसाने मास्क बाजूला केला.

"ट्रॉम्बोन नको," भावोजी म्हणाले. श्वास घेतला. "मी गांजा ओढतो."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फॉर्म काढला.

"तीन वर्षं. रोज. गच्चीवर." आणखी एक श्वास. "वाद्याचा काही दोष नाही. पेटी आत ठेव."

मी ताईकडे बघायचं टाळलं. बँडमास्तर आपल्या रुमालाकडे बघत होते.

"टाकीमागच्या निळ्या डब्यातलं ना?" ताई म्हणाली. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अहो, वास खाली स्वयंपाकघरात येतो. आणि श्वासाच्या रियाझाने कुणाचे डोळे लाल झालेत आजवर?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होतात. म्हटलं, असू दे, तेवढीच एक मेहनत करताहेत." ताईने पदराने पेटीवरची धूळ पुसली. "उलट काळजीच घेतली मी. तुम्हाला खोकला लागला तेव्हा वर जाऊन डबा उघडून बघितला. सगळं अगदी कोरडं ठणठणीत. म्हटलं, कोरडा धूर घशाला लागत असेल. तेव्हापासून दर रविवारी तुम्ही बागेत गेलात की थोडं पाणी शिंपडते, आणि झाकण घट्ट लावते. ओलावा टिकायला हवा ना."

डॉक्टरीणबाईंचं पेन फॉर्मवर थांबलं होतं.

"किती दिवस शिंपडताय?"

"चार-पाच महिने झाले असतील."

त्या भावोजींकडे वळल्या. "आणि तुम्हाला त्यावर पांढरं-हिरवं काही दिसलं नाही?"

"दिसलं," भावोजी म्हणाले. "मला वाटलं, माल उंची आहे."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की रोजच्या धुराने छाती आधीच कमजोर होते, आणि यांनी त्या धुरातून रोज तासभर बुरशीही आत ओढली. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आठ दिवस वाचले असते, आणि गिलावाही. मग फॉर्मवर दारूच्या खाली पेनाने एक नवी ओळ आखली, 'गांजा' लिहिलं, आणि तिच्यापुढे 'होय' लिहिलं. दुपारीच बुरशीवरचं औषध सुरू झालं. मी डबा आणून दिला.

"आणि ती पेटीही द्या," त्या म्हणाल्या.

"त्याची आता काय गरज?" भावोजी मास्कमधून म्हणाले. इतका वेळ खालच्या पट्टीत असलेला त्यांचा आवाज अचानक चढला. "मी कबूल केलं ना?"

"पेशंटच्या सांगण्यावर विसंबायचं मी आजपासून सोडलंय."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दोन आठवड्यांनी डाग पुसट झाले. ताईने टाकीमागची जागा फिनेलने धुतली. पोपट परत आला, पण तो आता आमच्या दाराकडे पाठ करून बसतो. भावोजींनी गांजा सोडल्याचं बँडमास्तरांसमोर जाहीर केलं, आणि बँडमास्तरांनी मन मोठं केलं. "व्यसन काय, कुणालाही लागतं," ते म्हणाले. "कलेशी तर बेइमानी केली नाही ना? जागा तुमचीच आहे." भावोजींनी मान खाली घातली. निगर्वी माणूस, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

घरी सोडायच्या दिवशी बँडमास्तर गाडी घेऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर दोन्ही रिपोर्ट वाचून दाखवले. निळ्या डब्यात तीच बुरशी सापडली होती, जी भावोजींच्या छातीत होती. ट्रॉम्बोनमध्ये बुरशी नव्हती, ओलावाही नव्हता. तोंडाकडच्या नळीत दुरुस्तीवाल्याने धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेला कापसाचा बोळा होता, आणि त्याला दुकानाची चिठ्ठी होती, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेची.