लाल भरलेली पोर

ओकबुनने कापूस भरलेलं तिसरं जाकीट सोलमेच्या अंगात चढवलं. पोर त्यात बुडाली. वर उरलं ते डोकं, आणि त्यावरचे केसही वैशाखातल्या गवतासारखे विरळ.

"हिला नको," अनाथाश्रमाच्या संचालिका माबाई दारातून म्हणाल्या. "धड उभीसुद्धा राहत नाही. मागच्या खोलीत निजव."

"पण बाई, गुटगुटीत पोरं दाखवली तर मदत देणारे परदेशी पाहुणे काही द्यायचे नाहीत, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. आणि हाडं दाखवली तर देशाची अब्रू जाईल, हेही म्हणाले. मधली दाखव गं, मधली!"

मधली पोरं आणायची कुठून, हे ओकबुनला कळेना. पुरानंतर मक्याची पेज इतकी पातळ झाली होती की वाटीत छताची तुळई दिसे. तिने सोलमेला आतल्या, खालून तापवलेल्या कोमट जमिनीवर, निजलेल्यांच्या ओळीत ठेवलं.

पाहुणे आले, पोरांचं स्वागतगीत संपलं. परदेशी बाई गुडघ्यांवर बसली आणि एकेकाची बाही सारून दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळू लागली.

"हिरवा," दुभाषा रिम सांगत गेला. "हिरवा. हा पिवळा."

माबाईंचा चेहरा उतरत चालला. या देशात झेंडा लाल, पोरांचा गळरुमाल लाल, पहिल्या नंबराचा बिल्लाही लाल.

"कॉम्रेड रिम, आमच्यात एकही लाल भरत नाही?"

रिमने आतल्या दाराकडे पाहिलं.

"अजून तरी नाही, बाई. शेजारच्या जिल्ह्यात पुष्कळ भरली." मग हळूच, "आत आणखी मुलं आहेत का?"

"ओकबुन, बघतेस काय? घेऊन ये! एखादं तरी भरेल."

सकाळी लपवायची, दुपारी काढायची! गोंधळलेल्या ओकबुनने सोलमेला उचलून आणलं. एकेक जाकीट उतरलं. पट्टी आवळत गेली, आवळत गेली, आणि लाल रंगावर थांबली.

माबाईंनी टाळी वाजवली. मागोमाग सगळ्या पोरांनी. सोलमेचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. ती ओकबुनचा हात धरून धडपडत उभी राहिली आणि कमरेत वाकली.

परदेशी बाईने मात्र तो दंड घरट्यातून पडलेल्या पिल्लासारखा तळहातावर धरला होता. ती खालच्या आवाजात काहीतरी बोलली. ओकबुनने रिमकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता.

"काय म्हणतेय?" माबाईंनी विचारलं.

"हिला दूध आजपासून. लाल भरतील त्या सगळ्यांना."

"बघ! मी म्हणत नव्हते?"

ओकबुनने पट्टीकडे पाहिलं: दंड जितका बारीक, तितका रंग लालाकडे.

"बाई, आत अजून आहेत," ती म्हणाली. "सगळीच लाल भरतील."

माबाईंनी सोलमेच्या उघड्या दंडाकडे पाहिलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या,

"मग आण की सगळी." त्यांचा आवाज जरा चिरकला. "आणि तुम्ही टाळ्या थांबवू नका रे, पोरांनो."