सुमेरमलचा टाइम

"आजून भीतवर ऊन शे, नि म्हने जेवी ल्या! भूक तरी लागाले पाहिजे ना माणूसले?" दाखूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या आणि मी नुकताच काजं केलेला ब्लाउज उलटून बघू लागल्या.

अक्कलकुव्याच्या बाजारात त्यांच्या यजमानांचं, सुमेरमलशेठचं, कापडाचं दुकान. त्याच्या ओट्यावर चौदा वर्षं माझं शिलाई मशीन आहे, म्हणून ही कुरकुर मला रोजची. शेठ सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. गिऱ्हाइकाच्या नादात वेळ टळू नये म्हणून त्यांनी दुकानातलं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे लावलेलं. बाजार त्याला सुमेरमलचा टाइम म्हणतो, हसतो, आणि त्याच्यावरच विसंबतो. माझ्या ममताची बारावीच्या परीक्षेत एकही बस चुकली नाही, ती या टाइममुळेच.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, रिषभने, दुकानाला कॅमेरा बसवला. "यालाही आपलाच टाइम लाव," शेठ म्हणाले. त्याने लावला. हे ठाऊक असलेले आम्ही चौघेच.

डिसेंबरात स्टँडवर एका बाईच्या गळ्यातली पोत कुणीतरी ओढून नेली, पाच पन्नासला. पोलिसांनी आमच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. त्यात पाच पन्नासलाच बाजारातला हमाल दलसिंग स्टँडकडून धावत येताना दिसला. खरे वाजले होते पाच पंचवीस, आणि तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाहून सुटणारी मोलगी गावची जीप गाठायला धावत होता. "पडशी ना रे!" म्हणून मीच त्याच्यावर ओरडले होते.

हवालदार बाहेरगावचे, नवे. कॅमेरा नीट चालतो, वेळ बरोबर आहे, असा छापील कागद त्यांनी पुढे केला. शेठ गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत होते. न वाचता सही केली. काय झालं ते कळलं, तोवर दलसिंग आत गेलेला.

"पप्पा, आता बोललात तर खोट्या सहीबद्दल तुम्हालाच धरतील," रिषभ म्हणाला. शेठ गप्प. दाखूबाई गप्प. मीही गप्प, कारण ओटा शेठचा.

माझं मशीन रोज सकाळी आतून ओट्यावर आणून ठेवायचा तो दलसिंगच. कधी सांगावं लागलं नाही. चहा विचारला तर म्हणायचा, "अर्धाच दे, ताई." आता मशीन मी ओढत आणते. ते फरशीवर करकरतं तेव्हा शेठ दुसरीकडे बघतात.

कोर्टात शेठची साक्ष होती, त्याच्या आदल्या दिवशी दाखूबाई हळूच म्हणाल्या, "कामिनी, तू तं त्याले धावताना देखेल शे ना?"

"आनि तुम्हीन घडी देखेल शे," मी म्हटलं.

मग दोघी बराच वेळ बटणं निवडत बसलो.

कोर्टात आम्ही मागच्या बाकावर होतो. दलसिंग पोलिसाशेजारी उभा, वाळलेला. शेठ दिसताच त्याने सवयीने हात जोडले, बाजारात जोडायचा तसेच. डोळ्यांत राग नाही. शेठनी हात अर्धा उचलला आणि तसाच ठेवला.

"कागदावर सही तुमचीच?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो जी."

"म्हणजे कॅमेऱ्यातली वेळ बरोबर आहे."

शेठ कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. दाखूबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. वकिलांनी पुन्हा विचारलं. माझ्या मनात आलं, आता आपणच उठावं. पण मी बाक धरून बसूनच राहिले.

मग त्या माणसाने माझं काम केलं. ते आठवलं की मशीन थांबवून मी आजही हात जोडते.

"साहेब, ती वेळ मन्ही शे, गावनी नही," शेठ म्हणाले, आणि मग सावरून शाळेतल्यासारखं मराठी बोलू लागले. "पंचवीस मिनिटं पुढे. मी न वाचता सही केली, आणि कळल्यावर दोन महिने घाबरून गप्प बसलो. दलसिंग धावला, तेव्हा चोरी झालेलीच नव्हती."