कुलूप इकडे, किल्ली तिकडे
दोन देशांमध्ये अख्खे समुद्र आडवे पसरलेले, पण सहकार्य करायचं म्हणजे करायचंच, असं दोन्हीकडच्या साहेबांनी मनावर घेतलं. कोणावर अन्याय नको म्हणून कुलपं इकडे बनवायची आणि त्यांच्या किल्ल्या तिकडे, असा करार ठरला. या अकलेच्या कांद्यांना कोणी हटकलं नाही, कारण त्या दिवशी जेवण फक्कड होतं.

वहिनीही गप्प राहिल्या. त्यांचा कुलपांचा कारखाना डबघाईला आला होता आणि ही ऑर्डर पक्की झाली तरच तो तगणार होता. एकच गोष्ट त्यांच्या जिवाला खात होती. त्यांचं कुलूप केसांतल्या पिनेनं उघडायचं! हे गुपित त्यांना आणि त्यांच्या दिराला, दोघांनाच ठाऊक होतं.

समारंभाच्या दिवशी तिकडून किल्ल्यांची पेटी आली, चांगली कपाटाएवढी. सोबत तिकडच्या किल्ली-कारखान्याच्या मालकीणबाई. पेटीला कुलूप वहिनींचंच होतं, नमुना म्हणून पाठवलेलं. बाईंनी ते मोठ्या कौतुकानं लावलं होतं.

"किल्ली?" वहिनींनी हात पुढे केला.

बाईंनी पेटीकडे बोट दाखवलं. सगळ्या किल्ल्यांबरोबर तीही आतच होती. कुलूप नुसतं दाबलं की लागायचं, त्यामुळे निघताना हा पराक्रम कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

सगळे साहेब वहिनींकडे बघायला लागले. दीर कानाशी लागला.

"वहिनी, पिन काढा. मिनिटाचं काम."

"गप्प बसा, भाऊजी! सगळ्यांदेखत पिनेनं उघडलं, तर ऑर्डर काय तुमचे सासरे देणार?"

"आणि नाही उघडलं तर?"

"तरी बोंबच."

वहिनींनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि बिजागऱ्यांपाशी थबकल्या. स्क्रू बाहेरूनच होते.

"आमचं कुलूप किल्लीवाचून उघडणं कोणाच्या बापाला जमणार नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "त्यापेक्षा दार काढलेलं बरं. भाऊजी, स्क्रू ड्रायव्हर!"

दिरानं बिजागऱ्या काढून त्या बाजूनं दार उघडलं. कुलूप आपलं कडीला तसंच, मोठ्या तोऱ्यात लटकत राहिलं. साहेबांनी टाळ्या पिटल्या आणि तिथल्या तिथे सह्या ठोकल्या. वहिनींना आनंदानं रडू येत होतं, ते त्यांनी चहाच्या कपाआड लपवलं.

तेवढ्यात मालकीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अंबाड्यातली पिन काढून हळूच वहिनींच्या तळहातावर ठेवली.

"आम्ही पण उघडलं," त्या मोडक्यातोडक्या बोलीत कुजबुजल्या. "नमुना आला, त्याच दिवशी."

वहिनींनी पिन चटकन मुठीत लपवली. "मग साहेबांना सांगितलं का नाही?"

बाईंनी किल्ल्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "सांगितलं, तर आमच्या किल्ल्या कोण घेणार?"

वहिनींनी ती पिन आपल्या अंबाड्यात खोचली.